पहिली आली, पण थांबली नाही

शाळेत पीटीच्या शिक्षकाला खरा अधिकार एकच असतो. दुसऱ्याला धावायला लावायचं आणि आपण सावलीत उभं राहायचं. पेणच्या एका शाळेत नोकरीला लागल्यापासून मी हा अधिकार मनसोक्त वापरला. आता निवृत्ती जवळ आली आहे. शाल मिळेल, नारळ मिळेल आणि ‘बाईंनी अनेक खेळाडू घडवले’ हे वाक्य मिळेल. वाक्य ठरलेलं आहे. मराठीच्या सरांना निरोप देताना त्यात ‘खेळाडू’च्या जागी ‘विद्यार्थी’ घातलं होतं, एवढाच फरक.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘मैदानावरचे सोनेरी क्षण लिहा’ असं सांगितलं. सोनेरी कप ऑफिसातल्या कपाटात आहेत, त्यांचा रंग उडाला आहे. क्षणांचं म्हणाल तर नीट आठवतो तो एकच, आणि तो सोनेरी नाही. मी फार बोलणारी बाई नाही. शिट्टीवर भागत होतं, म्हणून कधी बोलावं लागलं नाही. पण हे एक सांगून टाकायचं आहे.

आधी आमचा धंदा सांगते. नव्वदीच्या सुरुवातीला ‘पीटीच्या बाई’ हे पेणला नवीनच प्रकरण होतं. मुलींच्या संघाबरोबर बाई पाठवा असं वरून आलं, म्हणून हेडसरांना बाई हवी होती. पण ती पंजाबी ड्रेसमधली नको होती. त्यामुळे मी साडीवर कॅनव्हासचे बूट घालून लांब उडी शिकवत असे. करून दाखवायची सोय नव्हती. तोंडी लांब उडी शिकवणारी जिल्ह्यात मी पहिलीच असेन.

पीटीचा तास म्हणजे गणिताचा पोर्शन मागे राहिला की गणितवाल्यांनी घ्यायचा तास. उरलेल्या वेळात प्रार्थनेच्या रांगा सरळ करायच्या, प्रभातफेरी काढायची, पाहुणे आले की लेझीम, आणि कोणी चक्कर येऊन पडलं की नाकाशी कांदा. खेळाचं साहित्य म्हणजे दोन रिंगा आणि एक गोळा. गोळा बहुतेक वेळ ऑफिसच्या दाराला अडसर म्हणून असायचा. मैदान आखायला पांढरी फक्की लागते, तीही मिळायची नाही. एकदा मी शक्कल लढवली. पेणमध्ये घरोघरी गणपतीचे कारखाने, पांढऱ्या पावडरीला काय तोटा? एका कारखान्यातून सांडलेलं प्लास्टर घमेलंभर आणलं आणि संध्याकाळीच मैदान आखून ठेवलं. रात्री दव पडलं. सकाळी सगळ्या रेघा दगडासारख्या घट्ट बसलेल्या. पुढचं वर्षभर मुलं त्यांना ठेचकाळत होती. हेडसर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “आमच्या बाईंचं काम पक्कं असतं.”

आणि शेवटचं काम, उशिरा येणाऱ्यांना शिक्षा. शिक्षा म्हणजे मैदानाला फेऱ्या. ज्या गोष्टीची मुलांना गोडी लावायची, तीच शिक्षा म्हणून द्यायची. आमच्या खात्याचं हे शास्त्र कोणी काढलं माहीत नाही, पण त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही.

वनिता नववीत आमच्याकडे आली. हे तिचं खरं नाव नाही. जिला कळायचं तिला कळेल. खाडीकडच्या गावची, मिठागरवाल्यांची पोर. काटकुळी, पायात काही नाही, आणि रोज उशिरा. उशिरा येणाऱ्यांकडे कारणं फार चांगली असत. एसटी पंक्चर झाली, म्हैस व्यायली. एका पोराची म्हैस महिन्यातून दोनदा व्यायची. वनिताकडे मात्र कारण नसे.

“काय गो, आज पण उशीर?”

“व्हय बाई.”

“कारण?”

“कारन नाय.”

म्हणजे उद्धटपणाच्या जादा फेऱ्या. बाकीची पोरं पोटात कळ आल्याचं सोंग करत फरफटत धावायची. ही नुसती सुटायची. हात मोकळे, तोंड किंचित उघडं, नजर कुठेतरी लांब. थांबायची शिट्टी दिली तरी तिला ऐकू जात नसे. दोनतीन फेऱ्या जास्तच पडायच्या.

एकदा मी आखणीसाठी लवकर गेले होते. शाळेत अजून झाडूही फिरला नव्हता. पाण्याच्या टाकीमागे वनिता दप्तर मांडीवर घेऊन बसलेली.

“तू कधी आलीस?”

“पयल्या एसटीनं.”

“रोज पहिल्या एसटीने येतेस? मग रांगेत का उभी राहत नाहीस?”

ही बाई शिकलेली आहे ना, असं तिने माझ्याकडे बघितलं.

“टायमावर आले तर धावाला कोन देल?”

मग हळूहळू बाकीचं कळलं. लहानपणी ती खाडीच्या बांधावर धावायची. एका बाजूला मिठाचे चौकोन, दुसऱ्या बाजूला चिखल, मधे मातीचा अरुंद बांध. मोठी झाली तशी घरच्यांनी बंद केलं. बायकांची जात, बांधावर काय धावते, आयशीवर गेली, असं. मग तिने शोध लावला की पेणच्या शाळेत उशिरा येण्याबद्दल हीच गोष्ट शिक्षा म्हणून मिळते.

“धावून काय मिळतं गो तुला?” मी विचारलं.

“कानात वारा येतो. मंग कोनाचा काय आयकू येत नाय.”

कोण काय बोलत होतं, ते मला माहीत होतं. पेण लहान आहे. वनिता तिसरीत असताना तिची आई नवऱ्याचा मार खाऊन कंटाळली आणि एका माणसाबरोबर रोह्याला निघून गेली. तिथेच राहिली. गावाने ती मेली असं ठरवलं, पण मेलेल्या माणसाबद्दल लोक निदान बरं बोलतात. इथे आजी, आत्या, शेजारणी, पाणवठ्यावरच्या बाया, सगळ्यांना बोलायला वनिता समोर हजर. तिने केस विंचरले तरी आई निघायची, नाही विंचरले तरी आई निघायची. चोवीस तास चालणाऱ्या त्या रेडिओतून बाहेर पडायला तिला एकच दार सापडलं होतं, आणि ते नेमकं माझ्या मैदानात उघडत होतं.

कोणाही शहाण्या माणसाने काय केलं असतं? रोज सकाळी तिला मैदान दिलं असतं आणि तोंड बंद ठेवलं असतं. पण मी शहाणी नव्हते, प्रशिक्षित होते. मला ती दिसली आणि कप दिसला.

मी तिला सकाळी बोलावू लागले, शिक्षा म्हणून नव्हे तर सराव म्हणून. पोर खूष. तालुक्याला ती हसतखेळत पहिली आली. हेडसरांनी प्रार्थनेच्या वेळी तिचं कौतुक केलं, त्यात माझं नाव तिच्यापेक्षा जास्त वेळा आलं. मी आक्षेप घेतला नाही. जिल्ह्याची क्रॉसकंट्री शर्यत त्या वर्षी रोह्याला होती. तिथे पहिली आली की राज्याला. आमच्या शाळेतून राज्याला आजवर कोणी गेलं नव्हतं, आणि मी तर जिल्ह्याच्या पलीकडे गेले नव्हते.

परवानगीसाठी तिच्या वडिलांना बोलावलं. ते मिठागर सोडून नागोठण्याजवळ कंपनीत कंत्राटी कामाला लागले होते. शिफ्ट करून डबा हातात घेऊन तसेच आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“पोर धावते ते ठीक हाय,” ते म्हणाले. “पन रोह्याला कशाला? दुसरीकडं नाय का धावाला जागा?”

“शर्यतच तिथे आहे.”

“तिथं ती बाय हाय.”

“तुमच्या मुलीच्या नजरेलाही ती पडणार नाही. माझी जबाबदारी.”

“शप्पत घ्या.”

मी देवाची शपथ घेतली. शर्यतीसाठी घेतली म्हणजे तिला खिलाडूवृत्ती म्हणायला हरकत नसावी.

बाप राजी झाला, तर पोरगी अडून बसली. “रोह्याला नाय येनार.” समजावलं, रागावले, शेवटी मैदान बंद करायची धमकी दिली. ती खाली बघून अंगठ्याने माती उकरत राहिली. मग हळूच म्हणाली, “बाई, आयस तिथंच ऱ्हाते ना? तिला ठावं हाय का मी धावते ते?”

मला काय सुचलं! सुचण्यात माझा हात कोण धरणार?

“तिला मी निरोप पाठवते की,” मी म्हटलं. “शर्यत बघायला ये म्हणून.”

तिचा चेहरा असा काही उजळला, की त्या दिवसापासून तिला फेऱ्या मोजून थांबवावं लागायचं.

निरोप मी पाठवला नाही. पाठवायचा विचारही केला नाही. आई आली असती तर बापाला कळलं असतं, बोभाटा झाला असता, पोरगी शाळेतून काढली असती, आणि राज्य गेलं असतं. बापाला सांगितलं, ती दिसणार नाही. मुलीला सांगितलं, ती येणार आहे. दोन्ही बाजूंनी एकटीनेच खेळायचं हे कसब बी.पी.एड.ला शिकवत नाहीत, ते मी स्वतःच्या हुशारीने शिकले.

शर्यतीच्या सकाळी रामवाडीच्या स्टँडवरून आम्ही रोह्याची एसटी धरली. वनिताने केसांना तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या आणि वर लाल रिबिनी. धावताना रिबिनी सुटतील म्हटलं, तर काढू देईना. नागोठण्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. निडी गाव मागे पडलं तेव्हा माझ्याकडे वळली.

“बाई, आयस मना वळखंल ना? मी तवा बारकी व्हते.”

“ओळखेल की,” मी म्हटलं, आणि तिला ग्लुकोजची पुडी दिली. मला दुसरं काही देता येण्यासारखं नव्हतं.

क्रॉसकंट्री म्हणजे मैदानाबाहेरची लांब शर्यत. रस्ता, शेताची कड, चढउतार, जे मधे येईल त्यातून धावायचं आणि शेवटी मैदानात परत यायचं. संपायच्या जागी दोन बाजूंनी दोर बांधून एक बोळ करतात. पहिली येणारी त्या बोळात शिरते, टोकाला बाकावर बसलेले पंच तिच्या हातात पुठ्ठ्याचा क्रमांक देतात. तो क्रमांक म्हणजे तुमचा नंबर. कितीही पुढे आलात आणि क्रमांक घेतला नाहीत, तर सरकारी हिशेबात तुम्ही धावलाच नाहीत.

मी दोराशी उभी होते. रस्त्याच्या वळणावर आधी लाल रिबिनी दिसल्या. मागे कोणी नाही, बरंच अंतर रिकामं. लोक टाळ्या वाजवायला लागले. मी शिट्टी तोंडात धरून उड्या मारत होते, साडीत. पण ती नीट धावत नव्हती. म्हणजे पाय नीट पडत होते, मान नाही. कडेने उभ्या असलेल्या एकेका बाईकडे बघत होती. ही नाही, ही नाही, ही पण नाही. बोळात शिरली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या दोन्ही बाजूंना बघितलं. माझ्या शेजारी एक बिस्किटवाला उभा होता.

पंचांनी क्रमांक पुढे केला. ती त्यांच्या हाताखालून निघून गेली. वेग कमीच केला नाही. दोर संपला, मैदान संपलं, फाटकातून ती रस्त्याला लागली. लोकांना वाटलं, काय दम आहे पोरीत!

“बाई, तुमची मुलगी नंबर न घेताच गेली,” पंच म्हणाले. “आता दुसरीला पहिली करावं लागंल.”

माझ्या मनात त्या वेळी काय आलं तेही सांगते, सांगायलाच बसले आहे तर. पोर कुठे गेली, हे आलं नाही. राज्य गेलं, हे आलं.

कुंडलिकेच्या पुलावर ती सापडली. कठड्याला धरून उभी, एक रिबिन सुटलेली. मी धापा टाकत पोचले. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा स्वतः धावले होते.

“बाई, निरोप दिलावता ना?”

ही वेळ होती. नाही, मी खोटं बोलले, एवढंच म्हणायचं होतं. तिने मला शिव्या दिल्या असत्या, बापाला सांगितलं असतं, माझी शोभा झाली असती. पण मी दमले होते, चिडले होते, माझा कप गेला होता.

“दिला होता,” मी म्हटलं. “तीच आली नाही. त्याला मी काय करू?”

ती रडली नाही. नुसतं चला म्हणाली. एसटीत माझ्या शेजारी न बसता पुढे ड्रायव्हरमागे जाऊन बसली.

त्यानंतर वनिता शाळेत वेळेवर यायला लागली. प्रार्थनेला रांगेत पहिली. आठवड्याभरात हेडसरांच्या लक्षात आलं. “बाई, तुम्ही शिस्त चांगली लावलीत हं तिला,” ते म्हणाले. माझ्या सगळ्या नोकरीत मला मिळालेलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक ते हेच.

मी तिला एकदा गाठलं. “मैदानावर ये ना. शर्यत नको, कप नको, नुसती धाव.”

“नको बाई.”

“का गो?”

“आता धावले तरी आयकू येतं.”

“काय ऐकू येतं?”

“तीच आली नाय.”

माझेच शब्द होते. मी त्या पोरीचं एकच दार बंद केलं होतं, आणि काम पक्कं केलं होतं, प्लास्टरसारखं. दहावीनंतर ती दिसली नाही. मी पुढे आणखी पुष्कळ मुलांना फेऱ्या मारायला लावल्या आणि अनेक खेळाडू घडवले.

यंदा मूर्ती सांगायला एका कारखान्यात गेले, तर आतून हाक आली, “बाई, वळखलंव का?” वनिता. हातात बारीक ब्रश, समोर मूर्तींची रांग. डोळ्यांची आखणी ती करते. कारखान्यात डोळे काढणाऱ्याला मान असतो, मालकसुद्धा त्या वेळी हळू बोलतात. तिने मला स्टूल दिलं, चहा मागवला. लग्न झालं, मुलगी कॉलेजात आहे. मग मधेच म्हणाली, “आयस बरी नाय. मानूस पाठवलावता तिनं, भेटून जा म्हनून.”

“जाणार ना?”

“मी कशाला? रोह्याला मी धावत गेलते. ती चालत पन आली नाय.” हे ती रागाने बोलली नाही. ब्रश धुतला आणि पुढच्या मूर्तीकडे वळली.

तेव्हा तरी मी बोलले का? मी मूर्ती ठरवून, चहा संपवून, बरं येते हं, म्हणून घरी आले. गणपती बसले. डोळे तिने इतके जिवंत काढले होते, की मी आरतीला रोज शेवटच्या रांगेत, शेजाऱ्यांच्या मागे उभी राहिले.

विसर्जन झालं आणि मी रोह्याची एसटी धरली. विचारत विचारत घर शोधलं. तो माणूस केव्हाच वारला होता. म्हातारी एकटीच, दाराशी खुर्ची टाकून बसलेली, पाय सुजलेले. मी कोण, कुठली, ते सांगितलं. मग तो जुना निरोप जसा द्यायचा होता तसाच दिला. म्हटलं, “तुमच्या वनिताची धावायची शर्यत होती हो, इथे रोह्याला. नववीत असताना. तिने तुम्हाला बघायला बोलावलं होतं.”



“मना कोनी सांगला नाय.”

“सांगायचं काम माझ्याकडे होतं.”

तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, “पयली आली का गो?”

“पहिली आली,” मी म्हटलं. सरकारी हिशेबात नाही. पण तो हिशेब ठेवणारी मी कोण?

वनिता, तुझ्या कारखान्याची जाहिरात या अंकात दरवर्षी मागच्या पानावर असते, म्हणजे अंक तुमच्याकडे येतो. रोह्याहून परतल्यावर मी तुझ्या फाटकापर्यंत आले होते. आत मूर्तींची घाई नव्हती, तू मोकळीच होतीस, आणि मी परत गेले. असं उघड लिहायचं धाडस आहे, तुझ्यासमोर उभं राहायचं नाही, यावरून तुझ्या बाईंची तब्येत तुला कळेल. निरोप मी दिलाच नव्हता. तुझ्या आईने यायचं टाळलं नाही, तिला कोणी बोलावलंच नव्हतं.

आणि ओळखेल का, असं तू एसटीत विचारलं होतंस. त्या दिवशी तिच्या दारात मी तुझं नाव घेतलं मात्र, ती सुजल्या पायांवर उठून उभी राहिली, आणि माझ्या दोन्ही बाजूंना बघायला लागली.